पॅसिव्ह सॅम्पलर लावून हवेतली विषारी रसायनं मोजता येतात का, आणि त्या आकड्यावर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कारखान्याच्या कुंपणालगत आणि शेजारच्या वस्तीत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड अशी विषारी रसायनं मोजायची आहेत, जागेवर वीज नाही, ऑनलाइन ॲनालायझर, म्हणजे जागेवरच सतत मोजणारं यंत्र, घ्यायला पैसे नाहीत, मग पॅसिव्ह सॅम्पलरवर, म्हणजे पंपाशिवाय हवेतलं रसायन धरून ठेवणाऱ्या नळीवर, भागेल का आणि निघालेला आकडा कुणी मान्य करेल का. भागतं, आणि नीट केलं तर आकडा मान्यही होतो. बेंझीनसाठी तर अमेरिकेत हे आता कायद्यातच बसलेलं तंत्र आहे. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, सॅम्पलर हवेतलं प्रमाण मोजत नाही, तो रसायन साठवतो, प्रमाण आपण नंतर हिशोबाने काढतो, आणि त्या हिशोबात जो अपटेक रेट, म्हणजे सॅम्पलर रसायन आत घेतो तो वेग, वापरला जातो तो चुकला की बाकी सगळं कितीही काळजीने केलं तरी उपयोग नाही. लोक नळी कुठली घ्यायची यावर महिनाभर चर्चा करतात आणि अपटेक रेट कॅटलॉगमधून उचलून टाकतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतोय.

ॲक्टिव्ह सॅम्पलिंगमध्ये पंप ठराविक हवा ओढतो, त्यामुळे किती लिटर हवा गेली ते आपल्याला थेट कळतं. पॅसिव्हमध्ये पंपच नाही. नळीच्या तोंडाशी रसायनाचं प्रमाण बाहेरच्या हवेइतकं असतं, आत ॲडसॉर्बंटच्या पृष्ठभागावर ते जवळजवळ शून्य असतं कारण ॲडसॉर्बंट आलेला रेणू लगेच धरून ठेवतो, आणि या दोन टोकांतल्या फरकामुळे रेणू आपोआप आत सरकत राहतात, यालाच डिफ्युजन म्हणायचं. किती वेगाने सरकतील ते तीन गोष्टींवर ठरतं, त्या रसायनाचा डिफ्युजन कोइफिशंट, तोंडाचं क्षेत्रफळ आणि तोंडापासून ॲडसॉर्बंटपर्यंतचं अंतर. कोइफिशंट गुणिले क्षेत्रफळ भागिले अंतर, झाला तुमचा अपटेक रेट, मिलिलिटर प्रति मिनिट या एककात. म्हणजे पंप नसला तरी जणू तेवढी हवा दर मिनिटाला साफ होतेय असं धरायचं. पागोळीखाली भांडं ठेवलं तर रात्रभरात एकूण किती पाणी पडलं ते कळतं, नेमका कधी जोर होता ते कळत नाही, पॅसिव्ह सॅम्पलरचं अगदी तसंच आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पाम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडसाठी जी साधी नळी मांडली ती आजही पाम्स ट्यूब म्हणून वापरात आहे. लांबी ७.१ सेंमी, तोंडाचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरच्या थोडं आत, वरच्या टोकाला हा वायू धरून ठेवणारं ट्रायइथेनॉलअमाइन लावलेल्या स्टीलच्या जाळ्या. नायट्रोजन डायऑक्साइडचा कोइफिशंट ०.१५४ चौरस सेंमी प्रति सेकंद धरून वरचं सूत्र लावा, साधारण १.२ मिली प्रति मिनिट येतं. इतकी हळू प्रक्रिया आहे, म्हणून तर नळी दोन ते चार आठवडे लावून ठेवावी लागते.

आता तुमच्या बेंझीनकडे येऊ. साडेतीन इंच लांब, पाव इंच बाहेरचा व्यास असलेली स्टीलची थर्मल डिसॉर्प्शन नळी, म्हणजे लॅबमध्ये तापवून जिच्यातलं रसायन सोडवतात अशी, आत कार्बोपॅक एक्स नावाचा ॲडसॉर्बंट, एक टोक उघडं. हिचा बेंझीनसाठीचा अपटेक रेट ०.६७ मिली प्रति मिनिट. १४ दिवसांची मिनिटं होतात २०,१६०, म्हणजे एकूण साधारण १३.५ लिटर हवा. लॅबने सांगितलं की नळीवर ४० नॅनोग्रॅम सापडले आणि ब्लँकवर, म्हणजे न उघडलेल्या नळीवर, २, तर ३८ भागिले १३.५ म्हणजे २.८ नॅनोग्रॅम प्रति लिटर, आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजेच मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, त्यामुळे वेगळं रूपांतर करायची गरज नाही. हा हिशोब स्वतः एकदा कागदावर करून बघा, लॅबच्या रिपोर्टमधला आकडा त्याच्याशी जुळतोय का तेही बघा. रिपोर्टमध्ये नुसतं अंतिम प्रमाण दिलं असेल आणि नॅनोग्रॅम, मिनिटं, वापरलेला रेट हे तिन्ही दिलं नसेल तर मागून घ्या. ते नसताना आकडा तपासता येत नाही आणि तपासता न येणाऱ्या आकड्याला मी आकडा मानत नाही.

अपटेक रेट भूमितीवरून काढता येतो पण तो आदर्श रेट झाला. खरा रेट चेंबरमध्ये माहीत असलेलं प्रमाण सोडून किंवा मान्य पद्धतीच्या शेजारी लावून काढतात, आणि तो नळी, ॲडसॉर्बंट, रसायन आणि किती दिवस लावली या चौकडीसाठी असतो. टेनॅक्स या दुसऱ्या ॲडसॉर्बंटवर बेंझीन काही तासांच्या कामाला ठीक आहे, पण टेनॅक्स बेंझीनला फार घट्ट धरत नाही, दोन आठवडे लावली तर आधी आत गेलेलं बेंझीन हवा स्वच्छ असताना परत बाहेर पडायला लागतं, याला बॅक डिफ्युजन म्हणतात, आणि आकडा कमी येतो. गंमत अशी की आकडा कमी आला की कुणी तक्रार करत नाही, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. म्हणून दोन आठवड्यांच्या कामाला कार्बोपॅक एक्ससारखा ग्राफाइटाइझ्ड कार्बन घ्या, तो बेंझीन घट्ट धरतो आणि पाणी फारसं घेत नाही, दमट हवेत ही फार मोठी सोय आहे. तीच नळी १,३-ब्युटाडाइनलाही चालते पण तिथे मार्जिन कमी असतं, तो जास्त उडणारा आहे. तापमानाचंही लक्षात घ्या, हवा तापली की डिफ्युजन वाढतं, १० अंशांच्या फरकाने साधारण ५ टक्के, त्यामुळे प्रत्येक पाळीचं, म्हणजे नळ्या लावल्यापासून काढेपर्यंतच्या काळाचं, सरासरी तापमान नोंदवून ठेवा आणि निकाल कुठल्या तापमानाला दिलाय ते लिहा. फार उंचावरच्या जागी हवेचा दाबही हिशोबात धरावा लागतो.

रेडियल सॅम्पलर हा दुसरा प्रकार, रेडिएलो हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. यात हवा टोकाऐवजी सगळ्या बाजूंनी सच्छिद्र भिंतीतून आत शिरते, त्यामुळे क्षेत्रफळ खूप आणि अंतर कमी, रेट कितीतरी जास्त, थर्मल डिसॉर्प्शनच्या कार्ट्रिजवर बेंझीनसाठी जवळपास २८ मिली प्रति मिनिट. एक-दोन दिवसांत किंवा आठवड्यात उत्तर हवं असेल तर हा चांगला. पण जास्त रेटची किंमत मोजावी लागते, ॲडसॉर्बंट लवकर भरतो आणि वाऱ्याचा परिणाम जास्त जाणवतो. बॅज प्रकारच्या सॅम्पलरला, जे कामगारांच्या कॉलरला लावतात, उलटा त्रास असतो, अगदी स्थिर हवेत त्याच्या तोंडासमोरची हवाच रिकामी होत जाते आणि आकडा खाली येतो. बंद खोलीच्या कोपऱ्यात बॅज टांगून फॉर्मल्डिहाइड नाही असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचलेत, त्यावर विश्वास ठेवू नका.

आता हे तंत्र कुठल्या प्रश्नाला उत्तर देतं ते बघू, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. बेंझीनचा कॅन्सरचा धोका हा वर्षानुवर्षं श्वासात गेलेल्या सरासरीवर अवलंबून असतो, म्हणून दोन आठवड्यांची सरासरी आणि अशा २६ पाळ्यांचं मिळून वर्ष, हे त्या धोक्याला अगदी साजेसं मोजमाप आहे. पण तुमची तक्रार जर अशी असेल की रात्री दोन वाजता डोळे चुरचुरतात आणि पहाटेपर्यंत वास जातो, तर पॅसिव्ह नळी तुम्हाला काहीच सांगणार नाही. अर्ध्या तासाचा जबरदस्त झोत १४ दिवसांत वाटला गेला की दिसेनासा होतो. क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया यांचा तात्काळ त्रास हा मुद्दा असेल तर वेळेनुसार नोंद करणारं यंत्र किंवा झोत येतानाच उघडायचा कॅनिस्टर, म्हणजे हवा भरून घ्यायचा निर्वात डबा, लागतो. दोन्ही प्रश्न एकाच वेळी असतील, बहुतेक ठिकाणी असतातच, तर दोन्ही वेगळे ठेवा, एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका. पॅसिव्हची खरी ताकद सरासरीपेक्षाही जागांमधल्या तुलनेत आहे, एका ॲनालायझरच्या खर्चात तुम्ही एका जागेचं तासातासाचं चित्र मिळवता, पॅसिव्हमध्ये त्याहून कितीतरी कमी खर्चात वीस जागांचा नकाशा मिळतो, आणि गळती कुठल्या बाजूला आहे हे शोधायला नकाशाच लागतो.

आकडा कोणी मान्य करेल का, या प्रश्नाला सगळ्यात ठोस उत्तर अमेरिकेतल्या रिफायनऱ्यांच्या नियमात आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये नियम काढला आणि २०१८ च्या सुरुवातीपासून रिफायनऱ्यांना कुंपणाभोवती पॅसिव्ह नळ्या लावणं बंधनकारक झालं. पद्धतीचं नाव मेथड ३२५, ए भागात नळ्या कुठे-कशा लावायच्या ते, बी भागात लॅबमधलं विश्लेषण. लहान आवाराला किमान १२ जागा, मोठ्याला १८ किंवा २४, दर १४ दिवसांनी नळ्या बदलायच्या. यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे फरकाची कल्पना, प्रत्येक पाळीत सगळ्यात जास्त आकड्यातून सगळ्यात कमी आकडा वजा करायचा, कारण कमीत कमी आकडा म्हणजे साधारण बाहेरून आलेली पार्श्वभूमी आणि वरचा फरक म्हणजे आवारातून आलेलं. या फरकाची वर्षभराची सरकती सरासरी ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या वर गेली की कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. लक्षात घ्या, ९ ही कृती सुरू करायची पातळी आहे, त्याखाली सगळं सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही. तुलनेला म्हणून सांगतो, युरोपीय संघाची बेंझीनची वार्षिक मर्यादा ५ होती आणि २०२४ च्या नव्या निर्देशात ती २०३० पासून ३.४ केली आहे. युरोपमध्ये पॅसिव्ह नळ्या सूचक मोजमाप या वर्गात चालतात, २००८ च्या निर्देशात बेंझीनसाठी त्या वर्गाला ३० टक्के अनिश्चितता मान्य केली होती, पक्क्या स्टेशनला २५ टक्के. म्हणजे दोघांतला फरक लोक समजतात तेवढा मोठा नाहीच.

जागा निवडताना नळी जमिनीपासून दीड ते तीन मीटर उंचीवर, तोंड खाली, वर पावसाची टोपी, आणि चारी बाजूंनी वारा फिरेल अशी लावा. भिंतीला चिकटवून, झाडाच्या फांद्यांत, गच्चीच्या कोपऱ्यात नको. आजूबाजूला जनरेटर आहे का, पेट्रोल पंप आहे का, वाहनं उभी राहतात का, नुकतंच रंगकाम झालंय का हे बघून लिहून ठेवा, फोटो काढा, नंतर एखादाच आकडा वर आला की तीच टिपणं उपयोगी पडतात. कारखान्याच्या फक्त वाऱ्याखालच्या बाजूला नळ्या लावायचा मोह होतो, पण १४ दिवसांत वारा फिरतो, आणि दुसऱ्या बाजूच्या आकड्याशिवाय फरक काढणार कशातून? निदान दोन जागा तरी अशा हव्यात जिथे कारखान्याचा परिणाम पोचत नाही असं तुम्हाला मनापासून वाटतं. वाऱ्याची दिशा आणि वेग जवळच्या हवामान केंद्रातून तासाचे घ्या. शिवाय बेंझीनबरोबर टोल्युइन आणि झायलीनचेही आकडे लॅबकडून मागा, ते त्याच नळीवर असतात, वेगळा खर्च फारसा नाही, आणि रस्त्याकडेच्या नळीतलं या तिघांचं आपसातलं गुणोत्तर कुंपणाच्या नळीपेक्षा वेगळं निघालं तर स्रोत वेगळा असल्याचा तो चांगला इशारा असतो.

हाताळणीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपण नॅनोग्रॅमच्या गोष्टी करतोय. नळ्या लॅबमधून कंडिशन करून, म्हणजे तापवून साफ करून, दोन्ही टोकांना पितळी लाँग-टर्म कॅप लावून येतात, त्या कॅप हाताने घट्ट होत नाहीत, त्यांचा पाना लागतो. एका टोकाची कॅप काढून डिफ्युजन कॅप लावायची, दुसरं टोक बंदच. कुठलं टोक उघडायचं त्याची खूण नळीवर असते, ती बघा, उलटी लावलेली नळी वाया जाते. नळीवर चिकटपट्टी लावू नका, मार्कर पेनने लिहू नका, मार्करच्या शाईतच टोल्युइन-झायलीन असू शकतात आणि गोंद तर ओव्हनमध्ये जळतो, नळीवर कोरलेला नंबर असतो तोच वापरा. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या हाताने हाताळू नका. नळ्या पेट्रोलच्या डब्याशेजारी, गाडीच्या डिकीत उघड्यावर ठेवून नेऊ नका, हवाबंद डब्यात न्या. लावल्याची आणि काढल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहा.

आणि ब्लँक. पैसे वाचवायला सगळ्यात आधी लोक ब्लँक कापतात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण तिथेच सगळ्या मेहनतीची विश्वासार्हता जाते. फील्ड ब्लँक म्हणजे नळी बाकीच्यांबरोबर जागेवर जाते, तिथेच राहते, पण उघडत नाही. तिच्यावर जे सापडेल ते प्रवासात, साठवणुकीत, लॅबमध्ये आलेलं. मेथड ३२५ मध्ये प्रत्येक पाळीला किमान दोन फील्ड ब्लँक आणि दर १० नळ्यांमागे एक डुप्लिकेट, म्हणजे त्याच जागी शेजारी दुसरी नळी, असं आहे. तुमचं काम छोटं असलं तरी पाळीला एक ब्लँक आणि एक डुप्लिकेट यापेक्षा खाली जाऊ नका, गरज पडली तर एक जागा कमी करा. दोन डुप्लिकेट एकमेकांपासून २०-२५ टक्क्यांहून जास्त लांब गेले तर त्या पाळीतल्या जागांमधले छोटे फरक मी तरी वाचत नाही. आणि लॅबने डिटेक्शन लिमिटच्या, म्हणजे त्यांना मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या, खाली असं लिहिलं तर शून्य लिहू नका, लिमिट किती ते लिहा.

थर्मल डिसॉर्प्शनची सोय असलेली लॅब मिळाली नाही तर चारकोलचा सॅम्पलर कार्बन डायसल्फाइडने धुऊन जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर, लावतात, हा जुना आणि स्वस्त मार्ग आहे, कामाच्या जागेवरच्या मोठ्या प्रमाणांना ठीक. पण कार्बन डायसल्फाइडमध्येच बेंझीनची भेसळ असते, कमी-बेंझीनचा ग्रेड वापरला नाही तर बाहेरच्या हवेतलं एक-दोन मायक्रोग्रॅम त्यात हरवून जातं. लॅबला हा प्रश्न थेट विचारा.

फॉर्मल्डिहाइडची गोष्ट वेगळी आहे. तो नुसता चिकटत नाही, त्याला रसायनाने पकडावं लागतं, त्यासाठी डीएनपीएच हे फॉर्मल्डिहाइडशी जोडलं जाणारं रसायन लावलेला सॅम्पलर वापरतात, तयार होणारा हायड्रॅझोन ॲसिटोनायट्राइलने काढून एचपीएलसी या लॅबमधल्या यंत्रावर ३६० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. रेडिएलोच्या फॉर्मल्डिहाइड कार्ट्रिजचा रेट ९९ मिली प्रति मिनिट आहे, त्यामुळे आठवडाभर लावला तरी पुरतो. घरात, शाळेत, नव्या फर्निचरच्या खोलीत हे फार चांगलं चालतं. बाहेर मात्र ओझोन आडवा येतो, तो डीएनपीएचही खातो आणि तयार झालेला हायड्रॅझोनही, आकडा खाली येतो. उन्हाळ्यातल्या उघड्या जागेवरचे फॉर्मल्डिहाइडचे आकडे घेताना शक्य असेल तर जवळचे ओझोनचे आकडे सोबत ठेवा, आणि थोडे दिवस ओझोन स्क्रबर लावलेल्या पंपाच्या कार्ट्रिजशी तुलना करा. सॅम्पलर उन्हापासून झाकलेला हवा, आधी-नंतर फ्रीजमध्ये, ॲल्युमिनियमच्या पाकिटात. डीएनपीएच पडून राहिला की हवेतलं फॉर्मल्डिहाइड घेत राहतो, म्हणून एक्स्पायरी बघून घ्या, आणि ब्लँक इथे तर दुप्पट गरजेचा.

तुलनेचा मुद्दा निघालाच आहे तर पाम्स ट्यूबचा अनुभव उपयोगी आहे, नायट्रोजन डायऑक्साइड तुमच्या यादीत नसला तरी. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्था या नळ्या फार मोठ्या प्रमाणावर लावतात, आणि तिथे कच्चा आकडा तसाच वापरत नाहीत. काही नळ्या संदर्भ ॲनालायझरच्या इनलेटशेजारी वर्षभर लावतात, दोघांच्या सरासरीचं गुणोत्तर काढतात आणि बाकी सगळ्या नळ्यांना ते लावतात. कारण आकडा का चुकतो ते आधीच माहीत आहे, वारा नळीच्या तोंडात घुसळण करतो त्यामुळे डिफ्युजनचं अंतर प्रत्यक्षात कमी होतं आणि आकडा वर जातो, शिवाय नळीत अडकलेला नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन यांची आतच प्रक्रिया होऊन जास्तीचा नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, बाहेर ऊन त्याला तोडतं पण नळीच्या भिंतीतून अतिनील किरण येत नाहीत. तोंडावर बारीक जाळी लावली की वाऱ्याचा परिणाम कमी होतो. बेंझीनसाठीही हेच करा, कुठल्याही सरकारी स्टेशनवर बेंझीनचा ऑनलाइन जीसी असेल तर परवानगी काढून तिथे दोन-तीन पाळ्या आपल्या नळ्या लावा. ज्याला आकडा मान्य नसतो त्याच्यासमोर ठेवायला याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

कीटकनाशकं, पीसीबी, ज्वाळारोधक रसायनं असे अर्धे वायूत अर्धे धुळीवर राहणारे पदार्थ असतील तर नळी सोडा, तिथे पॉलियुरेथेन फोमची चकती लागते, १४ सेंमी व्यासाची, १.३५ सेंमी जाड, स्टीलच्या दोन वाडग्यांच्या मध्ये टांगलेली. हिचा रेट दिवसाला साधारण ३-४ घनमीटर, तीन महिने लावली की ३०० घनमीटरच्या आसपास हवा, हाय-व्हॉल्यूम पंप एका दिवसात जवळपास तेवढी ओढतो, पण त्याला वीज आणि माणूस लागतो, शिवाय आवाजही होतो. २००४ च्या शेवटी सुरू झालेलं गॅप्स हे जागतिक जाळं याच चकत्यांवर चालतं, म्हणून तर ध्रुवीय प्रदेशापासून शहरांपर्यंत एकाच पद्धतीचे आकडे मिळतात आणि स्टॉकहोम करारातल्या, म्हणजे निसर्गात लवकर न विरणाऱ्या विषारी, रसायनांवर नजर ठेवता येते. इथे अपटेक रेट वाऱ्यावर आणि जागेवर बदलतो, त्याला एक सुंदर उपाय आहे, चकतीवर आधीच हवेत न सापडणारी लेबल केलेली, म्हणजे वेगळी ओळखू येणारी, संयुगं ठराविक प्रमाणात लावतात, परत आल्यावर त्यातली किती उडून गेली ते बघतात, आणि त्यावरून त्याच जागेचा त्याच तीन महिन्यांचा रेट काढतात. हलकी रसायनं, उदाहरणार्थ हेक्झाक्लोरोबेंझीन, चकतीवर लवकरच समतोलाला पोचतात, त्यानंतर दिवस वाढवून काही मिळत नाही, आणि सरळ रेषेचा हिशोब लावला तर प्रमाण कमी दिसतं. त्यांच्यासाठी एक्सएडी रेझिनचा सॅम्पलर चांगला, तो वर्षभर टिकतो. पीएएचचं, म्हणजे धुरातल्या बहुचक्री हायड्रोकार्बनचं, म्हणाल तर फिनॅन्थ्रीनसारखे हलके चकतीवर नीट येतात, पण बेंझो-ए-पायरीन बहुतेक सगळा धुळीवर बसलेला असतो, त्याचा आकडा चकतीवरून देऊ नका, फिल्टरचा पंपच लावा. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांनाही हेच लागू.

धातूंमध्ये एक अपवाद पारा, कारण तो वायुरूपात फिरतो. सल्फर मिसळलेल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचे सॅम्पलर आता चांगले प्रस्थापित झालेत, दिवसाला साधारण ०.१ घनमीटर रेट, काही आठवड्यांपासून वर्षापर्यंत लावता येतात, जुन्या पारा-खाणींच्या आणि छोट्या सोनं-खाणींच्या आसपास स्रोत शोधायला त्यांचा उपयोग झालाय. आणि बाकीच्या धातूंचा पहिला अंदाज हवा असेल तर झाडांवरचं मॉस, म्हणजे शेवाळासारखी वनस्पती, बघा, ते मुळातून काही घेत नाही, जे येतं ते हवेतून. अमेरिकेत पोर्टलंड शहरात वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये झाडांवरच्या मॉसचे ३४६ नमुने घेतले, त्यात कॅडमियमचे ठळक डाग दिसले, मग तिथे हवेचे यंत्र लावून तपासलं आणि रंगीत काच बनवणारे उद्योग स्रोत म्हणून समोर आले. मॉसने प्रमाण सांगितलं नाही, यंत्र कुठे लावायचं ते सांगितलं.

इथिलीन ऑक्साइड तुमच्या परिसरात असेल, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा उद्योग असेल, तर वर सांगितलेल्या पॅसिव्ह नळीवर ते करायला जाऊ नका, निर्वात कॅनिस्टर लागतो, आणि कॅनिस्टरचे स्वतःचे प्रश्न आहेत, काही कॅनिस्टरमध्ये हा वायू आतल्या आत वाढलेला दिसतो, म्हणून प्रत्येक कॅनिस्टर आधी तपासलेला हवा.

आता कार्यक्रम कसा आखाल. वर्षाची सरासरी सांगायची तर वर्षभर मोजणं उत्तम, पैसे नसतील तर किमान आठ आठवडे, पण ते वर्षभरात सारखे पसरलेले, युरोपच्या निर्देशात सूचक मोजमापासाठी अशीच १४ टक्के वेळेची अट होती. सलग आठ आठवडे हिवाळ्यात मोजून वार्षिक आकडा सांगू नका, थंडीत हवा तळाशी अडकते आणि सगळंच वर दिसतं. पहिल्या दोन पाळ्या जागा जास्त घ्या, मग जिथे काहीच फरक दिसत नाही त्या कमी करून गरम जागांभोवती दाट करा. एखाद्या पाळीत एकाच जागी मोठा आकडा आला तर लगेच कुणाकडे बोट दाखवू नका, आधी ब्लँक, डुप्लिकेट, त्या पाळीचा वारा आणि तुमची टिपणं बघा, नंतर त्या बाजूला नळ्या वाढवून पुढच्या पाळीत पुन्हा बघा. सलग दोन-तीन पाळ्या तीच जागा, तोच वारा आणि तोच चढ दिसला की मग नॅनोग्रॅम, मिनिटं, रेट, ब्लँक सगळं जोडून नियामकाकडे द्या आणि त्या जागेवर काही आठवडे ऑनलाइन जीसी लावण्याची लेखी मागणी करा, कारण कुठल्या टाकीतून, कुठल्या वेळी येतंय हे शोधण्याचं काम तिथून पुढे त्या यंत्राचं.